परत परत पाण्याखाली काय बघायला जातेस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हा विषय मी सुरू केला की घरचे उठून जातात. फोटो टाकला की प्रश्न ठरलेला, "एकदा केलंस ना स्कूबा, मग परत परत काय असतं तिथे?" आणि त्याच्या मागोमाग "भीती नाही वाटत?" भीतीचं आधी उरकते. वाटते, आणि थोडी वाटलेली बरी असते.

तर "एकदा केलं" म्हणजे बहुतेकांचं मालवण-तारकर्लीचं असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोट उभी राहते, पाठीवर सिलिंडर चढतो, इन्स्ट्रक्टर मागून धरून फिरवून आणतो, गोप्रोचा व्हिडिओ मिळतो, झालं. मजा येते, मी नावं ठेवत नाही (ब्रेड टाकून मासे गोळा करतात ते तेवढं बंद व्हायला हवं राव). पण त्यात तुम्ही सामान असता, कोणीतरी उचलून नेतंय आणि आणून ठेवतंय. त्यामुळे मासे बघितले की संपलं असं वाटणं साहजिक आहे.

माणसं मासे बघायलाच येतात, मीही त्यासाठीच आले होते, पण टिकतात ती वेगळ्याच कारणासाठी असं माझं मत. ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, केला की 18 मीटरपर्यंत जाता येतं आणि तिथे कोणी धरत नाही. कमरेला शिशाची वजनं, अंगात हवा भरायचं जॅकेट, आणि या दोन्हींचा हिशोब जमला की तुम्ही ना वर जाता ना खाली, मधेच लटकता. मग फक्त श्वासावर खेळ चालतो. छाती भरून घेतली की एखाद-दोन सेकंदांनी अंग हळूच वर सरकतं, सोडली की खाली. समोर खडक आला तर हातपाय न हलवता नुसता मोठा श्वास घेऊन त्याच्यावरून जायचं, हे पहिल्यांदा जमतं ना तेव्हा माणूस कामातून गेला समजा! जमिनीवर असं काहीच नाही हो, श्वास घेतला म्हणून कोणी उंच होत नाही.

आणि ते एकदम जमत नाही, हीच तर गंमत. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे एका श्वासाला हवाही दुप्पट लागते, नवीन माणूस घाबरून भराभर ओढतो आणि अर्ध्या तासात सिलिंडर रिकामा, त्याच सिलिंडरवर जुना डायव्हर तासभर आरामात फिरतो. जोडीतल्या एकाची हवा संपत आली की दोघांनी वर यायचं, त्यामुळे बोटीवर सगळ्यांचं लक्ष एकमेकांच्या हवेच्या काट्यावर (तो सिलिंडरमधला दाब 'बार'मध्ये दाखवतो). "वर आलास तेव्हा किती बार उरले होते?" यावर चाळिशीतली माणसं शाळकरी पोरांसारखी भांडतात. श्वास रोखून हवा वाचवायची मात्र नाही, रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा फुगते आणि जीवावर बेततं, हा पहिला नियम.

शांततेबद्दल सगळे बोलतात, पण खरं सांगू, खाली तेवढी शांतता नसते. आपलेच बुडबुडे केवढा आवाज करतात. शिवाय अंदमानात किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ पॅरटफिश प्रवाळ चावत असतो त्याचा कुरकुर आवाज येतो, कुठून ते कळत नाही कारण पाण्यात आवाज चारपटीहून जास्त वेगाने पळतो आणि दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो. हा मासा प्रवाळ चावून चावून मागून वाळू सोडतो, आणि ज्या पांढऱ्या बीचवर आपण हनिमूनचे फोटो काढतो त्यातली बरीचशी वाळू हीच, हे मी हनिमूनवाल्यांना आवर्जून सांगते.

हे असलं कळायला लागलं की तीच जागा तीच राहत नाही. क्लाउनफिशच्या (सिनेमातला नेमो तोच) कुटुंबात सगळ्यात मोठी असते ती मादी, ती मेली तर नंबर दोनचा नरच मादी होतो. आता तो घोळका दिसला की मी नुसती "अय्या नेमो" करत नाही, यातली बाई कोण ते शोधत बसते. लाल रंग पाचसहा मीटरखाली मावळत जातो, मग टॉर्च मारला की राखाडी खडक भडक लाल निघतो. मालवणला पाणी गढूळ असेल तर चार हातांपलीकडे काही दिसत नाही, तेव्हा एकाच खडकाच्या भेगेत मान घालून छोटे जीव शोधायचे, मला तर तेच जास्त आवडतं.

यायचं असेल तर पावसाळ्यात मालवण बंद असतं, ऑक्टोबरनंतर बघा. कोर्ससाठी पोहता यायला हवं. सर्दी असताना येऊ नका, कान मोकळे होत नाहीत, आणि शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही, तसं तिकीट काढा. खर्च किती येतो ते फोन करून विचारा, इथे नाही लिहीत, आई वाचते.