साडेसातला ठीक, सव्वाआठला नाही

गायक मंचावर झोकांडी खातो आणि माईकचा स्टँड धरून स्वतःला सावरतो, तेव्हा समोरच्यांना वाटतं की हे आत्ता घडलं. त्याची सुरुवात सकाळीच झालेली असते. गणपतीच्या दिवसांत मुंबई-पुण्याचे कलाकार रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी इंदूरला उतरतात. कार्यक्रम रात्री आठचा. मधले दहा तास लॉजच्या खोलीत. साउंड चेकला चारला बोलावलं जातं, साउंडवाला साडेपाचला उगवतो. जेवण ‘कार्यक्रमानंतर सगळे मिळून सराफ्यात’, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, असं ठरलेलं. शिवाय पाहुणचार म्हणून मंडळातला एखादा उत्साही कार्यकर्ता खोलीवर बाटली पोचवून येतो. रिकामा वेळ, रिकामं पोट आणि समोर बाटली, या तिन्ही गोष्टी आयोजकांनीच जुळवून आणलेल्या असतात. प्यायचं की नाही ही जबाबदारी कलाकाराचीच, पण आपल्या हातातलं आपण आधी नीट करावं.

थोडा हिशोब लक्षात ठेवा. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशोबानं ३० मिलीच्या लहान पेगमध्ये १० ग्रॅम अल्कोहोल येतं आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटवतं, म्हणजे क्वार्टर पूर्ण उतरायला सहा ते साडेआठ तास लागतात. ‘फक्त बिअर घेतली’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४१ ग्रॅम असतात, म्हणजे चार लहान पेग.

याहून महत्त्वाचं म्हणजे दारू घेतल्याबरोबर पूर्ण चढत नाही. शेवटच्या घोटानंतर अर्ध्या ते दीड तासानं रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त होतं, उपाशीपोटी लवकर. सात वाजता ग्रीनरूममध्ये शेवटचा पेग संपवलेला माणूस साडेसातला नीट बोलतो, हसतो, शाल घेतो. कार्यकर्ते म्हणतात, ‘ठीक आहेत की!’ सव्वाआठला तोच माणूस दुसऱ्या बंदिशीत असतो आणि त्याचा अंतरा हरवलेला असतो.

दिवाळी पहाटेलाही हाच हिशोब लावा. रात्री बारापर्यंत क्वार्टर संपवून झोपलेल्या गायकाच्या रक्तात पहाटे साडेपाचला त्यातला चौथा हिस्सा तरी शिल्लक असू शकतो. झोपेनं थकवा जातो, यकृताचा वेग वाढत नाही. काळी कॉफी, लिंबूपाणी, डोक्यावर गार पाणी यांनीही तो वाढत नाही. कॉफीनं माणूस जागा होतो, पण नशेतच जागा होतो. बोटं घालून उलटी काढायला लावणं तर धोक्याचं आहे, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

‘थोडी ब्रँडी घेतली की गळा मोकळा होतो’ हा समज गायकांमध्ये खोल रुजलेला आहे. गिळलेली कोणतीही गोष्ट स्वरतंतूंवरून जात नाही, ती अन्ननलिकेत जाते. अंगाला जाणवणारी ऊब रक्तवाहिन्या पसरल्यामुळे असते. उलट पोटातलं आम्ल वर यायला दारू वाट करून देते आणि शरीरातलं पाणी कमी करते, त्यामुळे तासाभरानं तारसप्तकात आवाज खरखरतो. मोकळी होते ती भीड, आणि गाणं चांगलं झाल्याचा भास त्यातून होतो. कुंदनलाल सैगल यांच्याबद्दल नौशाद यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. १९४६च्या चित्रपटासाठी त्यांनी सैगल यांच्याकडून एकच गाणं पिऊन आणि न पिता असं दोन्ही प्रकारे गाऊन घेतलं. ऐकल्यावर सैगल यांनी स्वतः न पिता गायलेलं निवडलं. १८ जानेवारी १९४७ रोजी ते गेले, वय अवघं ४२.

मंचावर बिघाड साधारण एका क्रमानं येतो, आणि तो क्रम साथीदारांना माहीत असला पाहिजे. आधी निवड करण्याची शक्ती जाते. तानपुरा लावताना हे सर्वांत आधी दिसतं: एकतर दोन मिनिटांत ‘लागला’ म्हणून सोडून देतात, नाहीतर जोडाच्या तारा लागलेल्या असतानाही वीस मिनिटं खुंट्या पिळत बसतात. हलके आवाज ऐकू येणं काही काळ कमी होतं, म्हणून ‘मॉनिटर (कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवा’ ही मागणी पुनःपुन्हा येते आणि शिटी वाजायला लागते. की-बोर्डवाल्याच्या बाबतीत ट्रान्सपोजचं बटण बघा. मागच्या गाण्यासाठी दोन पट्ट्या वर नेलेलं तसंच राहतं आणि पुढचं गाणं सगळा वाद्यवृंद एका पट्टीत, की-बोर्ड दुसऱ्या पट्टीत असं सुरू होतं.

मग लय जाते. इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँसाहेब यांच्यामुळे अतिविलंबित झुमरा ताल या शहराच्या कानात बसलेला आहे. चौदा मात्रांचं ते आवर्तन इतकं संथ चालतं की दोन मात्रांमधली मोकळी जागा गायकाला आतल्या आत मोजत राहावी लागते. लहान मेंदू जे वेळेचं बारीक काम करतो, त्यावरच दारूचा परिणाम होतो. गायकाला स्वतःला मात्र आपण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आलोय असंच वाटत असतं. सोळा मात्रांच्या द्रुत तीनतालात हे तिहाई घेताना, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येताना, उघडं पडतं. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एकेक मात्रा मोकळी, अशा सतरा मात्रा होतात. समेपासून उचलला तर शेवटचा आघात पुढच्या समेवर येतो. दोन्ही मोकळ्या जागा फक्त पाव-पाव मात्रेनं लांबल्या, तरी तो आघात अर्धी मात्रा उशिरा पडतो. श्रोत्यांना गणित कळत नसेल, पण हात टाळीसाठी उचललेला असताना अडखळतो. तबलजीच प्यायलेला असेल तर ‘तिरकिट’ चिखलासारखं एकमेकांत मिसळतं आणि ‘ना’ किनारीवर न पडता आत सरकतं.

शब्द त्यानंतर जातात. ‘स’चा ‘श’ होतो, जोडाक्षरं विरघळतात, दुसऱ्या अंतऱ्याच्या जागी पहिलाच परत येतो. हे प्रेक्षकांना कळतं, आणि फोन वर होतात. तोवर साथीदारांना वीस मिनिटांपासून सगळं माहीत असतं.

पण एक गोष्ट सगळ्यांत आधी तपासा. मधुमेह असलेल्या माणसाची साखर उतरली तरी तो असाच दिसतो: घाम, थरथर, जड जीभ, असंबद्ध बोलणं. इन्सुलिन किंवा गोळी घेऊन जेवण लांबलेलं असेल तर हीच शक्यता आधी धरा. तोंडाला वास येत असला तरीही, कारण उपाशीपोटी दारूनंही साखर उतरते. ग्लुकोमीटरवर ७०च्या खाली आकडा दिसला आणि माणूस गिळू शकत असला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. चेहरा एका बाजूला ओघळला असेल किंवा एक हात वर राहत नसेल, तर तो अर्धांगाचा झटका असू शकतो, लगेच १०८ला फोन करा. आजारी माणसाला दारुडा ठरवून गादीवर बसवणं किंवा कोपऱ्यात झोपवून ठेवणं, यासारखा अन्याय नाही.

मंचावर पाठवायचं की नाही, हा निर्णय कार्यक्रमाच्या पाऊण तास आधी दोन ठरलेल्या माणसांनी घ्यावा. दहा जणांची चर्चा नको. कलाकाराच्या तोंडाला यंत्र लावून अपमान करायची गरज नाही. पाच मिनिटं शेजारी बसा, पहिल्या दोन बंदिशी किंवा गाण्यांचा क्रम विचारा, तानपुरा लावताना बघा, मंचाच्या पायऱ्या चढताना बघा. आपल्याकडे घाई होते ती दहाच्या नियमामुळे. सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण आपला दिवस त्यात आहे का हे आधीच बघून ठेवा. ‘दहाच्या आत आटपायचंय, बसवा त्यांना’ या एका वाक्यानं कितीतरी मैफली घालवल्या आहेत. मानधनाच्या पत्रात एक ओळ घाला: कलाकार नशेत आढळल्यास कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार आयोजकांना राहील. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका.

गाणं सुरू झाल्यावर लक्षात आलं तर आवाज एकदम तोडू नका. साउंडवाल्यानं गायकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) तीन-चार डेसिबलनं हळूच खाली आणावा आणि तानपुरा व पेटी वर घ्यावी. तबलजीनं साधा ठेका धरून सम ठळक द्यावी, गायकाच्या मागे धावू नये. पेटीवाल्यानं मुखडा वाजवून वाट दाखवावी. मागे तानपुऱ्यावर शिष्य असेल तर त्यानं अंतरा उचलावा. ती आपली जुनीच रीत आहे, कुणाला खटकत नाही. वाद्यवृंदात हे अवघड जातं, कारण ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावरचा लूप, म्हणजे आपोआप फिरत राहणारा ठेका, कुणासाठी थांबत नाही. म्हणून आधी लूप बंद करून ढोलकीवर या. दोन गाण्यांमधलं बोलणं सर्वांत घातक ठरतं, तेव्हा माईक बंद ठेवून निवेदकानं लगेच पुढे यावं. समेवर गाणं संपवून पडदा पाडावा आणि पुढची वीस मिनिटं तबला किंवा पेटीच्या एकलवादनाला द्यावीत. ती तयारी आधीच सांगून ठेवलेली हवी. घोषणा एवढीच करावी: ते आज गाण्याच्या स्थितीत नाहीत. खोटा ताप किंवा विनोद नको.

आणि व्हिडिओ पसरवू नका. १८ जून २०११ला बेलग्रेडमध्ये ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस अशाच अवस्थेत मंचावर आली, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तिचा उरलेला दौरा रद्द झाला. पाच आठवड्यांनी, २३ जुलैला ती गेली. तिच्या रक्तात १०० मिलीला ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा ३० आहे.

खोलीवर पोचवताना गाडी मंडळाच्या माणसानं चालवावी. कलाकाराला डाव्या कुशीवर झोपवा, उशाशी पाणी आणि खाली बादली ठेवा, रात्री कुणीतरी तिथंच थांबा. हलवून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठच्या खाली आला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर १०८. पुढच्या वर्षीच्या यादीत संध्याकाळी पाचची खिचडी-दही लिहा, साउंड चेकची वेळ साउंडवाल्याला विचारूनच कलाकाराला सांगा, आणि बाटली पोचवणाऱ्याकडे स्टेशनवर आणायला-सोडायला जायचं काम द्या. साथीदारांची पाकिटं मात्र त्याच रात्री त्यांच्या हातात पडली पाहिजेत, पूर्ण, एक रुपयाही न कापता.