तुम्ही विचारलंत म्हणून : हिशेब संगणक करतो, मग तुम्ही तपासायचात काय?

दांडिया बाजारात परत राहायला आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की एकदा नीट लिहूनच ठेवावं म्हटलं. परवा भाच्याच्या मुलाने विचारला. तो कलाभवनात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मीही तिथलीच. म्हणाला, "आजी, अपघाताचा सगळा हिशेब तर सॉफ्टवेअर करतं. तापमान मर्यादेच्या आत आलं की झालं ना? मग तू इतकी वर्षं तपासत काय होतीस?" शेजारच्या बेन वेगळ्या शब्दांत विचारतात : "काकरापारमां कंईक थाय तो आपणुं शुं?" म्हणजे काकरापारच्या अणुवीज केंद्रात काही झालं तर आपलं काय? मला ही एकाच प्रश्नाची दोन टोकं वाटतात.

माझं काम असं होतं. अणुभट्टी बांधणारे आणि चालवणारे एक भलामोठा अहवाल देतात. काय काय बिघडू शकतं ते कल्पून प्रत्येक अपघाताचा हिशेब त्यात मांडलेला असतो. त्यातला आमचा अपघात म्हणजे शीतकाचा, म्हणजे भट्टीतली उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याचा, पाइप फुटून पाणी निघून जाणं. 'लॉस ऑफ कूलंट ॲक्सिडेंट'. त्याला आम्ही नुसतं 'लोका' म्हणायचो. नियामकाच्या, म्हणजे अणुसुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, बाजूने तो हिशेब वाचायचा आणि शंका काढायच्या.

भट्टी बंद केली म्हणजे उष्णता थांबली, असं नाही. विखंडन, म्हणजे अणू फुटणं, थांबतं, पण तोवर तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं आपापल्या गतीने विघटित होतच राहतात. काकरापारच्या ७०० मेगावॉट वीज देणाऱ्या नव्या भट्टीत उष्णता २,१०० मेगावॉटहून जास्त तयार होते. बंद केल्या क्षणी तिच्यातली सहा-सात टक्के उरते, म्हणजे सव्वाशे-दीडशे मेगावॉट. तासाभराने ती तीसेक मेगावॉटवर येते. ही उष्णता वाहून न्यायला पाणीच नसलं तर इंधन ज्या बारीक नळ्यांत भरलेलं असतं त्या नळ्या (कांड्या) तापतात. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात. फार तापल्या की झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्यातून आणखी उष्णता आणि हायड्रोजन निघतो. अशी नळी आतून ठिसूळ होते आणि तिच्यावर आपत्कालीन थंड पाणी येऊन पडलं तर काचेसारखी तडकू शकते. म्हणून अमेरिकेने १९७४ साली नियम केला : नळीचं तापमान १,२०४ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये आणि तिची १७ टक्क्यांहून जास्त जाडी ऑक्सिडाइझ होऊ नये. १,२०४ हा विचित्र आकडा २,२०० अंश फॅरनहाइटचा आहे.

त्या नियमामागची गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगत असे. १९७०-७१च्या सुमारास अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये भट्टीच्या एका छोट्या प्रतिकृतीवर प्रयोग झाले. पाइप फोडला, आपत्कालीन पाणी सोडलं, आणि ते पाणी गाभ्यापर्यंत, म्हणजे इंधन असतं तिथपर्यंत, पोचण्याऐवजी फुटलेल्या तोंडातूनच बाहेर निघून गेलं. कागदावर सगळं ठीक होतं. प्रतिकृती फार लहान होती, तिच्यावरून मोठ्या भट्टीबद्दल सरळ निष्कर्ष काढता येत नव्हता, हे खरं. पण आपल्याला काय माहीत नाही, ते त्या दिवशी उघड झालं. १९७२ पासून त्यावर जाहीर सुनावणी चालली, वीस हजारांहून जास्त पानांची नोंद झाली. त्यातून ठरलं ते असं : जिथे माहिती कमी, तिथे वाईटच धरायचं. बंद केल्यानंतरची उष्णता १९७१च्या प्रमाणित आलेखापेक्षा २० टक्के जास्त धरा. भट्टी पूर्ण क्षमतेच्या २ टक्के वर चालू होती असं धरा. मला हा नियम आजही आवडतो. तो अज्ञान मान्य करतो आणि त्याची किंमत स्वतः मोजतो.

आता माझी चूक. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका अहवालात नळीच्या तापमानाचा आलेख होता. सुरेख चढला होता, सुरेख उतरला होता, आणि शिखर मर्यादेच्या बरंच खाली होतं. मी शेरा लिहिला, 'समाधानकारक'. आमच्या सरांनी फाइल उघडली आणि एवढंच विचारलं, "नोड किती घेतलेत?" कोडमध्ये, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, पाइपचे, गाभ्याचे तुकडे पाडावे लागतात, त्यांना नोड म्हणतात, प्रत्येक तुकड्यात एक दाब, एक तापमान. मी पाहिलंच नव्हतं. सरांनी दुप्पट तुकडे करून तोच हिशेब परत मागवला. शिखर सरकलं, वर गेलं. मर्यादेच्या आतच होतं, पण मी ज्या अंतरावर निर्धास्त झाले होते त्यातलं बरंचसं अंतर खरं नव्हतंच. ते जाड तुकड्यांतून आलं होतं. तो शेरा मी माझ्या हाताने खोडला. त्यानंतर कुठलाही आलेख पाहायच्या आधी मी त्याचे तुकडे मोजले आहेत.

तर बाळा, तुझं उत्तर इथे सुरू होतं. कोड जे समीकरण सोडवतो ते बरोबर सोडवतो. पण वाफ आणि पाणी एकत्र वाहताना त्यांच्यात किती घर्षण होतं, कोरड्या पडलेल्या नळीला पाणी परत कधी भिजवतं, हे सूत्रांनी ठरतं, आणि ती सूत्रं कुणीतरी कुठल्यातरी प्रयोगावरून बसवलेली असतात. म्हणून पहिला प्रश्न : प्रयोग कुणाचा, किती मोठ्या संचावर, किती दाबाला? अमेरिकी भट्टीत इंधन उभं असतं. आपल्या भट्टीत इंधनाच्या कांड्यांचे जुडगे आडव्या, जाड नळ्यांत असतात, त्यांतूनच पाणी वाहतं, आणि प्रवाह मंदावला की पाणी तळाला राहतं आणि वरच्या कांड्या वाफेत उघड्या पडतात. उभ्या इंधनावर बसवलेलं सूत्र इथे तसंच चालेल, हे कुणी सिद्ध केलं? कॅनडातल्या आरडी-१४एम या संचावर आडव्या नळ्यांचे प्रयोग झाले, आणि त्यातल्या एकावर अनेक देशांनी, त्यांत भारतानेही, आपापले कोड लावून पाहिले. अशा तुलना मी फार मन लावून वाचायचे. एकच कोड, एकाच प्रयोगाची माहिती, तरी वेगवेगळ्या गटांची उत्तरं वेगळी येतात असं अशा तुलनांत अनेकदा दिसलं आहे. म्हणजे हिशेब कुणी केला, हेही तपासावं लागतं.

आपल्या भट्टीची आणखी एक गोष्ट. जड पाणी (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेलं) म्हणजे काय, हे बडोदेकरांना सांगायला नको. शहराच्या वेशीवरच त्याचा कारखाना उभा राहिला होता. नळ्यांतलं हे पाणी एकदम वाफ होऊन उडालं तर शृंखला-प्रक्रिया क्षणभर मंदावण्याऐवजी जोर धरते. त्यामुळे भट्टी झटकन बंद करणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांचा हिशेब वेगळ्या कडकपणे वाचावा लागतो. उलट एक आधारही आहे : नळ्यांभोवती थंड मंदायकाचं, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या जड पाण्याचं, मोठं टाकं असतं. आतली नळी तापून फुगली किंवा लवली तर बाहेरच्या नळीला टेकते आणि उष्णता त्या पाण्यात जाते.

१९८८ साली अमेरिकेने दुसरी वाटही खुली केली : सगळं वाईट धरण्याऐवजी वास्तव हिशेब करा, पण त्यातली अनिश्चितता मोजून दाखवा. इथे ५९ हा आकडा येतो, आणि तो मला फार प्रिय आहे. सगळ्या अनिश्चित गोष्टी त्यांच्या शक्य कक्षेत चिठ्ठ्या टाकल्यासारख्या बदलत ५९ वेळा हिशेब करायचा आणि सर्वांत मोठं तापमान घ्यायचं. शंभरातली ९५ उत्तरं जिच्या खाली पडतील अशी एक रेषा कल्पायची. एका वेळी उत्तर तिच्याखाली पडण्याची शक्यता ०.९५. एकोणसाठच्या एकोणसाठ वेळा खालीच पडण्याची शक्यता ०.९५चा ५९वा घात, म्हणजे पाच टक्क्यांहून किंचित कमी. म्हणून सर्वांत मोठं उत्तर त्या रेषेच्या वर आहे, याची ९५ टक्क्यांहून जास्त खात्री. ५८ वेळांत ती पाच टक्क्यांच्या वर राहते. कागद-पेन घेऊन करून बघ. मात्र या गणिताला तू यादीत घातलेल्याच गोष्टी दिसतात. म्हणून मी ५९ आलेखांआधी ती यादी वाचायचे : कुठलं घर्षण घेतलं, कुठलं सोडलं, कक्षा एवढीच का.

आणि यादीबाहेरचं? २८ मार्च १९७९ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात मोठा पाइप फुटला नव्हता. एक झडप उघडी अडकली होती. दाब राखणाऱ्या टाकीतली पातळी चढलेली दिसली, म्हणून चालकांनी आपत्कालीन पाणी स्वतःच कमी केलं आणि जवळजवळ निम्मा गाभा वितळला. सगळ्यांचं लक्ष मोठ्या फुटीवर होतं. त्याआधी दीड वर्ष, सप्टेंबर १९७७मध्ये, अमेरिकेतल्याच डेव्हिस-बेसे केंद्रात अशीच झडप अडकून असाच गोंधळ झाला होता. भट्टी तेव्हा कमी क्षमतेवर होती म्हणून निभावलं. ती सूचना वेळेत पोचली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बेन, आता तुमचं. काकरापारला 'कंईक' झालं होतं. ११ मार्च २०१६, सकाळ. पहिल्या भट्टीच्या एका नळीला चीर जाऊन जड पाणी गळू लागलं. फुकुशिमाला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती, त्यामुळे मला दिवसभर फोन येत राहिले. भट्टी आपोआप बंद झाली, आपत्कालीन पाणी पोचलं, इंधन थंड राहिलं. गळती पुरती थांबायला दहाएक दिवस लागले. नंतर सगळ्या नळ्या बदलल्या आणि २०१९ साली भट्टी परत सुरू झाली. नळी फुटली तर काय होईल, या प्रश्नाला वर्षानुवर्षं कागदावर दिलेलं उत्तर त्या दिवशी खरं उतरलं. मला त्याचा मनापासून दिलासा वाटला.

पण नळी फुटली का? तपासात बाहेरच्या अंगाला गंजाचे ठिपके सापडले. दोन नळ्यांच्या मधल्या फटीत कार्बन डायऑक्साइड खेळवतात, त्या वायूतल्या अशुद्धींशी त्यांचा संबंध जोडला गेला. ते वाचल्यावर मी माळ्यावरची पेटी उतरवून घेतली. त्यात माझ्या शंकांच्या वह्या आहेत, सालवार. नोड, घर्षण, झडपेचा वेळ, पंपाची गती, सगळं आहे. धातू आणि गंज हे दुसऱ्या विभागाचं काम होतं, तरी मी शेवटच्या वहीपर्यंत पानं उलटली. त्या फटीतल्या वायूच्या शुद्धतेबद्दल एकही ओळ माझ्या अक्षरात नाही.