त्रेचाळीस इंच, तिरके

गणपतीत पाहुणे बसलेले असताना आमच्या टीव्हीच्या उजव्या अंगाला एक उभी हिरवी रेघ उगवली. पहिल्या दिवशी केसाएवढी होती. चार दिवसांत तिच्या शेजारी दुसरी आली आणि बातम्या वाचणाऱ्या बाईंचा एक कान कायमचा रेघांआड गेला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही. "पॅनेल गेलंय काका. पॅनेलच्या पैशात नवा येईल," एवढं सांगून तो तपासणीचे पैसे घेऊन गेला.

मग घरात ठराव झाला की नवा घ्यायचा, पंचवीस हजारांच्या आत. आकडा हिने ठरवला. त्याच महिन्यात वॉशिंग मशीनने मान टाकली होती आणि लेकीची फी तोंडावर होती, त्यामुळे आकड्यावर चर्चा नव्हती. चर्चा बाकी सगळ्यावर झाली.

भाचा हिंजवडीत नोकरीला. त्याचा फोन आला, "मामा, थांब. बावीस सप्टेंबरला जीएसटी कमी होतोय." खरंच होता. २०२५ च्या घटस्थापनेपासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. सगळे म्हणायला लागले, दहा टक्के वाचले! आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या माणसाला हे ऐकवत नाही. मूळ किंमत २०,००० धरा. आधी २५,६०० पडायचे, आता २३,६००. म्हणजे वाचले दोन हजार, आठ टक्केसुद्धा नाहीत. हे मी सोसायटीत तिघांना समजावून सांगितलं. तिघांनीही विषय बदलला. पण थांबलो मात्र, आणि ते दिवस हिरव्या रेघांमागच्या मालिका बघत काढले.

त्या दिवसांत मापाचा प्रश्न सुटला. दार आणि शोकेस यांच्यामध्ये एक मीटरला थोडी जास्त भिंत आहे. ५० इंची टीव्ही एकशे अकरा सेंटिमीटरच्या आसपास रुंद भरतो, म्हणजे तो दारावर जाणार. ४३ इंची शहाण्णवच्या आसपास, तो बसतो. आईला हे इंच पटेनात. "शहाण्णव सेंटिमीटर म्हणजे अडतीस इंच झाले. त्रेचाळीस कुठून आले?" मी सांगितलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजतात. "तिरकं कशाला? साडी काय कुणी तिरकी मोजतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लेकीने त्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीला चिकटवला. सवय व्हावी म्हणून. दोन दिवस आम्ही चहा पिताना त्या कागदाकडे बघत बसायचो. मधोमध नेमकी टीव्हीचीच जाहिरात आली होती, आणि तिच्यातला टीव्ही ६५ इंची होता.

आमच्या वडिलांनी १९८७ मध्ये पहिला टीव्ही आणला तेव्हा एवढं काही नव्हतं. आम्ही शनिवार पेठेतल्या वाड्यात राहायचो. कौलांवर अँटेना, आणि सगळ्यांची तोंडं सिंहगडाकडे, कारण मुंबईचे कार्यक्रम गडावरच्या टॉवरवरूनच पुण्यात यायचे. (आता धायरीत राहायला आल्यावर तो टॉवर गच्चीतून दिसतो. अँटेना मात्र एकही नाही.) रविवारी सकाळी रामायण सुरू झालं आणि शेजारच्या घरात दाटीवाटीने बसून ते बघणं वडिलांना कमीपणाचं वाटायला लागलं. रंगीत परवडणार नव्हता. निवड इतकीच होती की शटरचा, म्हणजे पडद्यापुढे सरकतं दार असलेला घ्यायचा, की बिनशटरचा. दुकानात वडिलांनी काय केलं, तर बातम्या लावायला सांगितल्या, डोळे मिटले आणि मान थोडी तिरकी करून नुसतं ऐकलं. तोवर त्यांनी आयुष्यात फक्त रेडिओ विकत घेतलेले. दुकानदार हसला. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं.

तर घटस्थापनेनंतरच्या शनिवारी मी आणि लेक बाजीराव रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच पोपट. लाल-निळा, अमेझॉनच्या जंगलातला असावा. तो उडाला की लाव्हा, लाव्हानंतर पाण्यात पडणारी स्ट्रॉबेरी, की पुन्हा पोपट. आमच्या घरात पोपट कुणी बघत नाही. मी विक्रेत्या मुलाला म्हटलं, मराठी बातम्या लावा. त्याने मोठ्या नाखुशीने सेट टॉप बॉक्सची वायर शोधली. बातम्या लागल्या, आणि निवेदिकेचा चेहरा मारुतीला शेंदूर फासावा तसा केशरी! दुकानाच्या लखलखाटात उठून दिसावा म्हणून टीव्ही कायम भडक मोडवर ठेवलेला असतो. तो साध्या मोडवर आणल्यावर बाई माणसात आल्या. चित्र मात्र फाटलेलंच होतं.

"फोर के आहे ना हा?" मी विचारलं.

"टीव्ही फोर के आहे काका. चॅनेल एसडी आहे."

इथे माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. साध्या, म्हणजे एसडी चॅनेलचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे चार लाख चौदा हजार सातशे वीस. फोर केच्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे. भागून बघितलं, बरोबर वीस पट! एकही ठिपका शिल्लक राहत नाही. म्हणजे चॅनेलवाल्याने एक ठिपका पाठवायचा आणि बिचाऱ्या टीव्हीने अंदाजपंचे त्याचे वीस करायचे. लग्नात ऐनवेळी पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतात, त्यातला प्रकार. मी लेकीला मोबाइलवरचा भागाकार दाखवला. ती म्हणाली, "बाबा, हळू बोला."

भाच्याने सांगितलेला एक प्रयोग राहिला होता. स्वस्तातल्या काही टीव्हींचा काळा रंग समोरून छान गडद दिसतो, पण बाजूने बघितलं की सगळंच फिकट पडतं. काहींचं उलट असतं. काळा राखाडी दिसतो, पण बाजूला बसणाऱ्यावर अन्याय होत नाही. पेटीवर हे कुणी लिहीत नाही. आणि आमच्याकडे समोर बसतं कोण? सोफ्यावर मी, तोही रात्री. आई खिडकीखालच्या दिवाणावर, चांगली आडवी. लेक जमिनीवर. ही स्वयंपाकघराच्या दारातून, हातात झारा. म्हणून मी दुकानात आधी भिंतीला चिकटून आईच्या कोनातून बघितलं, मग बसकण मारून लेकीच्या, मग पार फ्रिजच्या विभागात जाऊन हिच्या. विक्रेता मुलगा माझ्यामागून फिरत होता. फ्रिजपाशी त्याने विचारलं, "काका, फ्रिजपण बघताय का?"

तीन टीव्ही बाद झाले. उरलेल्यातला एक २३,९९० चा, बाजूनेही रंग धरणारा, पक्का केला. हप्त्यांचं "नो कॉस्ट" त्याने पुढे केलं. व्याजाइतकी सूट आधीच देतात हे खरं, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मागाहून निघतेच. रोख दिले.

आवाज? विचारला होता. "वीस वॅट," तो म्हणाला. दुकानात चाळीस टीव्ही, गाणी, बाहेर बाजीराव रोडचे हॉर्न. वीस वॅट कसे असतात ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. पाच हजारांचा साउंडबार घ्या म्हणाला. पाच हजार शिल्लक नव्हतेच. हजार होते, आणि त्यांवर स्टँड बसवणाऱ्याचा डोळा होता.

टीव्ही आला, कागदाच्या जागी बसला. इतका पातळ, की लेकीने दोन बोटांत धरून दाखवला. एवढ्याशा जागेत स्पीकर मावणार कुठे, म्हणून ते खालच्या कडेला, तोंड जमिनीकडे. रिमोटवर आकडेच नाहीत. वेगवेगळ्या ॲपची बटणं चार, आणि आईला तोंडपाठ असलेले चॅनेलचे नंबर दाबायला एक नाही. ते जुन्या सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर. म्हणजे एकाने चालू करायचा, दुसऱ्याने बदलायचा. लेकीने चालू करायच्या बटणावर लाल नेलपेंटचा ठिपका दिला आणि दोन्ही रिमोट रबराने पाठीला पाठ लावून बांधले. आई दोन दिवसांत शिकली. कोनाचं विचारलं तर म्हणाली, "दिसतंय की छान."

चौथ्या दिवशी मी लवकर घरी आलो. मालिका चालू होती, आवाजाचा आकडा अडतिसावर. पडद्यावर कुणाचं तरी लग्न मोडत होतं, दिवाणावरूनही रंग जसेच्या तसे. आई मात्र पडद्याकडे पाठ करून, उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून, मेथी निवडत बसली होती. मान थोडी तिरकी. माझी चाहूल लागली तरी वळली नाही.

"आलास? जरा मोठा कर रे. सासू काय म्हणते ते कळतच नाही."