काहीनाही नावाचं गाव

भाची दुपारी शाळेतून आली, दप्तर फेकलं, फ्रिज उघडून त्यात बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, घरात काहीच नाहीये." फ्रिजमध्ये दही होतं, दुधीची भाजी होती, कालचं वरण, अर्धी काकडी. मी म्हटलं, "आल्या लोदबारच्या राणीसाहेब!" तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

लोदबार हा आमच्या आजीचा शब्द. कुणी चार दिवस दिसलं नाही की, "कोणत्या लोदबारात जाऊन बसला होतास रे?" लहानपणी चर्चच्या मागच्या खोलीत सतरंजीवर बसून बायबलमधली लोदबारची गोष्ट ऐकताना मला ते 'दरबार'च वाटायचं. गोष्ट राजाचीच ना! शौल राजाचा नातू मफीबोशेथ, दोन्ही पायांनी अधू, लोदबारला माखीर नावाच्या माणसाच्या घरी लपून राहिलेला. शौलानंतर राजा झालेला दावीद त्याला शोधून काढतो आणि रोज आपल्या पंगतीला बसवतो. म्हणजे लोदबारातून दरबारात. माझा हिशोब चुकत नव्हता.

अर्थ कळला तो फार उशिरा, कुठल्याशा तळटीपेत. हिब्रूत 'लो' म्हणजे नाही आणि 'दाबार' म्हणजे शब्द, शिवाय वस्तूही. आपल्या 'गोष्ट'सारखंच, सांगायची तीही गोष्ट आणि बाजारातून आणायची तीही गोष्टच. तर गावाचं नाव काय, तर काहीनाही. काही जण 'कुरण नसलेलं' असाही अर्थ लावतात, कारण त्याच तीन अक्षरांतून 'मिदबार' होतो, म्हणजे गुरं चारायचं माळरान. मला आपलं काहीनाहीच बरं वाटतं.

त्यातही गंमत अशी की नावाचं स्पेलिंग धड नाही. ही गोष्ट बायबलच्या 'दुसरे शमुवेल' या पुस्तकातली; त्याच्या नवव्या अध्यायात 'लो' वाव हे हिब्रू अक्षर घालून लिहिलाय, तेव्हा तो 'त्याला' होतो. सतराव्यात आलेफ हे अक्षर घातलंय, तिथे 'नाही'. बायबलमधल्याच यहोशवाच्या पुस्तकात लिदबीर म्हणून एक गाव येतं, ते बहुधा हेच. आमच्या गावाचंही पाटीवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरंच आहे, तेव्हा मी बोलणारी कोण. गाव होतं गिलाद प्रांतात, यार्देन नदीच्या पूर्वेला, आताच्या जॉर्डन देशात. नेमकी टेकडी कुठली, यावर विद्वानांचं अजून जमलेलं नाही. इसवी सनापूर्वीच्या 8व्या शतकात आमोस संदेष्ट्याने या नावावर बोचरी कोटीही करून ठेवली. इस्राएलचे लोक हे गाव जिंकलं म्हणून फुशारक्या मारत होते, तर हा म्हणतो, काहीनाही जिंकलं म्हणून नाचताय होय!

पण मला खरी मजा वाटते ती सतराव्या अध्यायाची. दावीदाचा मुलगा अबशालोम बापावर उलटतो, दावीद जीव घेऊन यार्देनपलीकडे महनाइमला पोचतो, आणि तिथे तिघे जण सामान घेऊन हजर. त्यातला एक हाच, लोदबारचा माखीर. काय काय आणलं? अंथरुणं, गंगाळं, मातीची भांडी, गहू, सातू, पीठ, भाजलेलं धान्य, पावटे, मसूर, मध, दही, मेंढरं, पनीर. आजी ही यादी वाचून घ्यायची आणि एकेका जिनसेला बोट मोडायची. पावट्याला मान डोलवायची. काहीनाही गावचा माणूस आणि महिन्याचा किराणा घेऊन आला! आमच्या भाचीच्या फ्रिजसारखंच म्हणायचं.

आजीला हिब्रूतला अर्थ कधी कळलाच नाही. तिचं लक्ष निराळ्याच ठिकाणी अडकायचं. आजोबा शौल आणि बाप योनाथान लढाईत पडल्याची बातमी आली तेव्हा मफीबोशेथ 5 वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, घाईत पोर खाली पडलं, पाय गेले ते तिथेच. पुढे राजा, जमिनी, रोजची पंगत, सगळं येतं. दाई पुन्हा येत नाही. आजीने एकदा प्रार्थनेनंतर पाळकसाहेबांना गाठलंच. "साहेब, पोर हातनं पडलं, मंग त्या बाईचं पुढं काय झालं वो?"

साहेब जरा थांबले. मग चपला घालता घालता म्हणाले, "काही नाही, आजी. शास्त्रात तेवढंच आहे."