तुम्ही विचारलंत म्हणून: पटकथेत होकानचा भाग का कापला?

‘लेट द राइट वन इन’ या स्वीडिश व्हॅम्पायर चित्रपटावर बोलणं झालं की प्रश्न येतोच: कादंबरी जॉन आयविदे लिंडक्विस्टची, पटकथाही त्याचीच, मग स्वतःच्याच पुस्तकाची एवढी कत्तल त्याने कशी होऊ दिली? ‘कत्तल’ हा शब्द मला मान्य नाही. २००४ची कादंबरी जाडजूड, २००८चा चित्रपट दोन तासांच्या आतला. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. टॉमी या शेजारच्या मुलाचं अख्खं उपकथानक गेलं नसतं तर ऑस्कर हा मुलगा आणि एली हे व्हॅम्पायर मूल यांना जागाच उरली नसती. लिंडक्विस्टने बारा वर्षं स्टँडअप कॉमेडी केली होती; वाक्य काढून टाकायला त्याचा हात कचरत नसावा, असं मला वाटतं.

पण एलीसाठी माणसं मारून रक्त आणणाऱ्या होकानचं तसं नाही, हे कबूल करतो. कादंबरीत तो नोकरीवरून काढलेला शिक्षक. त्याला मुलांविषयी वासना आहे, आणि ती आपल्याला त्याच्या डोक्यात शिरून कळते. कॅमेऱ्याला डोक्यात शिरता येत नाही. ती वासना कृतीतून दाखवावी, तर चित्रपट तिचाच होऊन बसतो. म्हणून ती काढली. मागे उरला एक थकलेला माणूस: गळ्यातलं रक्त कॅनमध्ये धरणारा, पकडला जाताना स्वतःच्याच तोंडावर ॲसिड ओतणारा. हे सगळं तो का करतो? कारण गाळलेलं, म्हणून प्रेक्षकाने स्वतःचं घातलं: होकान हा एके काळचा ऑस्कर, आणि ऑस्कर उद्याचा होकान. कादंबरीत याला आधार नाही. पुढे लिंडक्विस्टने ‘लेट द ओल्ड ड्रीम्स डाय’ ही कथा लिहिली. तिच्यात ऑस्कर म्हातारा नोकर होत नाही, एलीसारखाच होतो. पटकथेत राहिलेली फट त्याला दुसऱ्या कथेने बुजवावी लागली.

पूर्वी मी ठणकावून सांगायचो की गाळलेलं पडद्यावर उरत नाही. आता तसं म्हणवत नाही. एलीचा दोनशे वर्षांचा भूतकाळ जखमेच्या व्रणाच्या एका ओझरत्या शॉटवर आणला. तो अनेकांच्या लक्षातच येत नाही, तरी चित्रपटाचं काही अडत नाही. होकानच्या बाबतीत मात्र अर्थच फिरला.

‘तुम्ही शाळेत शिकवायचात ना?’ एवढा एकच संवाद शेजाऱ्याच्या तोंडी दिला असता तर? गैरसमज टळला असता असं वाटतं. मग त्या माणसाची कणव आली असती का? तुम्ही पुन्हा विचाराल, आणि मी बहुधा दोन्ही बाजूंनी भांडेन.