गांधी मार्केटला पाणी आणि टाटाची वेळ दहाची

पावसाळ्यात कुर्ल्याच्या नेहरूनगर एसटी स्टँडवर पहाटेच्या ड्युटीला कंट्रोलर म्हणून बसलं की आधी भरतीची वेळ बघावी लागते. साडेचार मीटरपेक्षा उंच भरती कोणकोणत्या दिवशी येणार, त्याची यादी महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती आमच्या केबिनमध्ये काचेखाली लावलेली असते. मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की नाल्यांची समुद्राकडची दारं बंद ठेवावी लागतात, शहरातलं पाणी बाहेर जात नाही आणि ते रस्त्यावरच साचतं.

जुलैतल्या त्या सकाळी भरती साडेनऊच्या सुमारास होती आणि मध्यरात्री सुरू झालेला पाऊस उसंत घेत नव्हता. साडेपाचला हार्बर लोकल चुनाभट्टीपाशी अडकली. सहा वाजून गेल्यावर मध्य रेल्वेही कुर्ला आणि सायनच्या मध्ये थांबली. कोकणातून आणि घाटावरून रात्री सुटलेल्या गाड्यांची स्टँडवर येण्याची वेळ नेमकी हीच. रोज इथं उतरणारी माणसं दहा-पंधरा मिनिटं चालून कुर्ला स्टेशन गाठतात आणि लोकल धरतात. लोकल बंद म्हटल्यावर ही सगळी माणसं पिशव्या, तांदळाच्या गोण्या आणि लहान मुलं घेऊन फलाटावरच अडकली.

अशा वेळी आमच्यापुढचा पहिला निर्णय असतो तो मुंबई सेंट्रल आणि परळच्या गाड्यांचा. त्या पुढे सोडायच्या की इथंच थांबवायच्या? बेस्टच्या नियंत्रण कक्षाचे संदेश, पुढे गेलेल्या ड्रायव्हरांचे फोन आणि वाहतूक पोलीस असं तिन्हीकडून ऐकून ते ठरतं. पाणी भरण्याच्या जागा पक्क्या आहेत. सायनला रोड नंबर २४ भरला की बेस्टच्या गाड्या रोड नंबर ३ वरून वळवतात. किंग्ज सर्कलच्या रेल्वे पुलाजवळ गांधी मार्केटला पाणी आलं की भाऊ दाजी मार्गाने काढतात. दादर आणि परळच्या मधलं हिंदमाता बशीसारखं खोल आहे. तिथं पाण्याच्या भूमिगत टाक्या बांधल्यापासून निचरा लवकर होतो, तरी मोठ्या पावसात गाड्या खालून न नेता उड्डाणपुलावरून नेतात. मुंबईत बसने फिरणाऱ्या प्रत्येकाने ही तीन वळणं लक्षात ठेवावीत. गाडी वळवली की मधले थांबे गळतात, आणि ज्याचा थांबा गळतो त्याला ते पुढे गेल्यावर कळतं.

सातच्या सुमाराला तिन्ही ठिकाणी पाणी होतं, पण वळणाचे रस्ते चालू होते. मुंबई सेंट्रलच्या तीन गाड्या मागेपुढे स्टँडवर आल्या. तिन्ही पुढे सोडल्या असत्या तर तिन्ही आंबेडकर रस्त्यावर कोंडीत उभ्या राहिल्या असत्या आणि परतीच्या फेऱ्यांना गाडीच उरली नसती. म्हणून सायन, दादर, परळ आणि सेंट्रलच्या प्रवाशांची एकच गाडी करायची ठरली. याला आम्ही प्रवासी वर्ग करणं म्हणतो. जुनंच तिकीट चालतं, नवे पैसे पडत नाहीत. मागच्या गाडीचा कंडक्टर किती प्रवासी, कुठपर्यंतचे, ते लिहून देतो आणि पुढच्या गाडीचा कंडक्टर त्याची नोंद करून घेतो. मात्र हातात तिकीट हवं. रात्रीच्या प्रवासात बरेच जण झोपण्याआधी तिकीट चुरगाळून खिडकीतून टाकतात, आणि नेमकी अशा सकाळी त्यांची अडचण होते. मोबाईलवर आरक्षण केलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण सकाळपर्यंत चार्जिंग संपलेलं असतं.

याच गडबडीत केबिनच्या खिडकीशी लांज्याकडचा एक मुलगा आला. वीस-बावीसचा असेल. मागे बाकावर आई बसलेली, डोक्याला घट्ट स्कार्फ. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून रबरबँड लावलेली फाईल होती. तो म्हणाला, "साहेब, दहाला टाटात केमोची वेळ आहे. स्टेशनवर कसं जायचं?"

मी म्हणालो, "स्टेशनवर जाऊन उपयोग नाही, लोकल बंद आहे. तिकीट कुठलं आहे?"

"मुंबई सेंट्रलचं."

कोकणातून परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात किंवा केईएमला येणारे बहुतेक जण असंच तिकीट काढतात. मुंबईला जायचं म्हणून मुंबई सेंट्रल. तिथं उतरायचं आणि मग टॅक्सी करून उलटं परळला यायचं. खरं तर सेंट्रलची गाडी परळवरूनच पुढे जाते. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यांनी मोजतात, त्यामुळे परळचं तिकीट काढलं तर पैसेही थोडे वाचतात. मुख्य म्हणजे आजारी माणसाची पाऊण तासाची फरफट टळते. कर्करुग्णाला एसटीत भाडेसवलत आहे, तिच्यासाठीचा दाखला मात्र सोबत लागतो. तो फाईलमध्ये न ठेवता वेगळा, वरच्या खिशात ठेवावा. कंडक्टरला दाखवायला दर वेळी फाईल उघडली की आतले कागद भिजतात.

मी त्यांना एकत्र केलेल्या गाडीत दारामागच्या पहिल्या बाकावर बसवलं. म्हटलं, "मावशी, पाण्यात उतरायचं नाही. कितीही कमी दिसलं तरी नाही." केमो चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. रस्त्यावरच्या पाण्यात गटार मिसळलेलं, त्यातून लेप्टोच्या तापाची भीती. शिवाय पाण्याखाली मॅनहोल उघडं आहे की बंद, ते वरून दिसत नाही. मुलाला सांगितलं, फाईलवर रुग्णालयाचा नंबर असेल, त्यावर आत्ताच फोन करून उशीर होईल म्हणून कळव.

या फेरीला साधी लालपरी निवडली, त्याला कारण आहे. तिची फ्लोअर उंच असते. बेस्टच्या नव्या लो फ्लोअर इलेक्ट्रिक गाड्या रोजच्या चढउताराला फार सोयीच्या, म्हाताऱ्या माणसांना तर वरदानच, पण पाण्यात त्या लवकर थांबवाव्या लागतात. लालपरीलाही मर्यादा आहेच. आमचे जुने ड्रायव्हर दुभाजकाची कड बघतात. कड दिसेनाशी झाली की गाडी घालत नाहीत. पाण्यात शिरायचं तर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, ॲक्सिलरेटर न सोडता आणि मध्ये गियर न बदलता. पाय सुटला की सायलेन्सरमधून पाणी आत ओढलं जातं. इंजिन बंद पडलंच तर सेल्फ मारायचा नाही. आत पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गाडी महिनाभर वर्कशॉपमध्ये जाते. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके हलके दाबत थोडं अंतर जायचं, म्हणजे ड्रम सुकतात. ओल्या ड्रमवर ब्रेक धरत नाही, आणि पाण्यानंतरच्या पहिल्या सिग्नललाच धडका होतात त्या यामुळे.

गाडी साडेसातला डबल बेल घेऊन सुटली.

उरलेल्यांची वेगवेगळी सोय लावायची होती. अंधेरी, जोगेश्वरीकडे जाणाऱ्यांना आम्ही सायनकडे पाठवलंच नाही. पूर्व द्रुतगती मार्गाला नेहरूनगर लागूनच आहे आणि हा मार्ग सहसा तुंबत नाही. तिथून घाटकोपरला जाणारी बेस्ट धरायची आणि घाटकोपर स्टेशनवरून वर्सोव्याची मेट्रो. ती पूर्ण उंचावरून जाते, रुळांवर पाणी येण्याचा प्रश्न नाही. अंधेरीला पश्चिम रेल्वे मिळते, आणि त्या सकाळी ती उशिरानं का होईना चालू होती. ठाण्याच्या लोकांनाही पूर्व द्रुतगती मार्गानेच उत्तरेकडे काढलं.

वांद्रे-कुर्ला संकुलात कामाला जाणारे नेहमी पूल ओलांडून कुर्ला पश्चिमेला जातात आणि ३१० नंबर पकडतात. त्यांना थांबा म्हणून सांगावं लागलं. पश्चिमेला एलबीएस मार्गावर पाणी होतं, गाड्या जागच्या हलत नव्हत्या. भरती ओसरायला लागली की तिथलं पाणी दोनेक तासांत उतरतं. तोपर्यंत स्टँडवर निदान छप्पर आहे, शौचालय आहे, चहा आहे. पुढे जाऊन कंबरभर पाण्यात उभं राहण्यापेक्षा हे बरं, पण हे पटवायला फार घसा फोडावा लागतो.

नवख्या माणसाला बेस्ट पकडताना दोन गोष्टी नडतात. गाडीच्या समोरच्या पाटीवर नंबर आणि ठिकाण मराठीत असतं, बाजूला दारापाशी इंग्रजीत. गावाकडचा माणूस दारापाशी येऊन वाचायला बघतो, तोवर गाडी निघते. लांबून समोरची पाटीच वाचायची. दुसरं म्हणजे मर्यादित गाडी. ती सगळ्या थांब्यांवर थांबत नाही, म्हणून चढतानाच थांब्याचं नाव घेऊन विचारावं. परळला जाते का, एवढं विचारून भागत नाही. चलो ॲपवर गाडी आत्ता कुठं आहे ते दिसतं आणि तिकीटही काढता येतं. गाडी वळवलेली असेल तर नकाशावरचा ठिपका नेहमीचा रस्ता सोडून जाताना दिसतो, पावसात त्याचा फार उपयोग होतो. नंबर आणि फेऱ्या मात्र बदलत राहतात. दोन वर्षांपूर्वी कुणी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या नंबरची वाट बघत उभी राहिलेली माणसं मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. रस्त्याचं आणि थांब्याचं नाव लिहून आणावं. ते बदलत नाही.

परळला गेलेल्या गाडीच्या कंडक्टरचा फोन नऊच्या सुमाराला आला. सायनच्या राणी लक्ष्मीबाई चौकापर्यंत नीट गेले, पुढे भाऊ दाजी मार्गावर रांग. माहेश्वरी उद्यानापाशी यायला पाऊण तास लागला. दादर टीटीला बरेच जण उतरले. तिथं पेच आला. हिंदमाता उड्डाणपुलाच्या अलीकडे एक टेम्पो बंद पडून वाहनं तुंबली होती, आणि पोलीस गाड्या थोड्या थोड्या सोडत होते. तो मुलगा आईला घेऊन उतरून चालायचं म्हणत होता. दादर टीटीहून टाटा फार लांब नाही, पण सरळ रस्ता हिंदमाताच्या पाण्यातून जातो. नायगाव, भोईवाडा करून जेरबाई वाडिया रस्त्याने मागून जाता येतं. तंगड्या धड असतील तर मी तेच सांगितलं असतं. या मावशींना ते अंतर झेपणारं नव्हतं. कंडक्टरला म्हटलं, त्यांना बसवूनच ठेव. पूल उतरल्यावर परळला सोड, तिथून टॅक्सी दोन मिनिटांत नेते.

पुलावर गाडी चढली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. सव्वादहाला मुलाचा फोन आला. दोघं टाटाच्या आत पोचले होते. त्याने सकाळी फोन केलेला असल्यामुळे त्यांचं नाव मागे ठेवलं होतं, काढलं नव्हतं. त्या दिवशी बाहेरगावचे बरेच रुग्ण उशिरा येत होते.

परतीचं त्याने मला तेव्हाच विचारून घेतलं. मी सांगितलं, रात्रीची गाडी परळ आगारातूनच घे, कुर्ल्याला येऊ नकोस. कोकणाच्या गाड्या मुंबई सेंट्रल आणि परळहून भरत येतात, नेहरूनगरला पोचेपर्यंत आरक्षण नसलेली जागा क्वचितच उरते. पुढची बाकं मागून घे, मागच्या चाकांवर गचके जास्त बसतात. आणि औषधानंतर मळमळ असते, तेव्हा खिडकीची जागा आईला दे.