डग्ग्याची घूम आणि सोफ्याची जागा

रविवार, मार्चचा दुसरा आठवडा, रात्री साडेदहा

कूलर अजून खिडकीत चढलेला नाही, म्हणून नवे स्पीकर पारखायची ही घाई. एकदा तो सुरू झाला की पाऊस येईपर्यंत आमच्या बैठकीत तंबोऱ्याचा खर्ज कोणता आणि पंख्याची घरघर कोणती हे सांगणे कठीण होते, आणि मग कोणते स्पीकर चांगले या प्रश्नाला अर्थच उरत नाही. धरमपेठेतल्या मित्राने आपले केईएफ कंपनीचे ‘एलएस 50 मेटा’ हे लहान स्पीकर शनिवारपर्यंत ऐकायला दिले आहेत. त्यांच्या किमतीचा आकडा घरात अजून कोणाला सांगितलेला नाही.

आमचे जुने स्पीकर कमरेएवढे, उभे आहेत. दोन उन्हाळ्यांपूर्वी डाव्या वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या, कडेचा फोम बोटाला काळ्या भुकटीसारखा लागला, तेव्हा सीताबर्डीवरून दोन्हीकडचा नवा बसवून घेतला. त्यांच्यासमोर कन्हानची वाळू भरलेल्या लोखंडी स्टँडवर ही लहान जोडी ठेवली आणि पहिल्या संध्याकाळी वसंतराव देशपांड्यांची एक मैफल लावली. जुन्यांनी नव्यांना सहज मागे टाकले. पण ती लबाडी होती. जुन्यांची संवेदनशीलता 90 डेसिबल, नव्यांची 85. म्हणजे तेवढाच आवाज काढायला नव्यांना तिपटीहून थोडी जास्त शक्ती लागते, आणि मी अॅम्प्लिफायरची कळ मात्र एकाच खुणेवर ठेवली होती. थोडे मोठे वाजणारे कानाला नेहमीच सरस वाटते.

काल मोबाइलवरच्या ध्वनिमापकाने सोफ्यावर दोन्हींचा आवाज 75 डेसिबलवर जुळवला, आणि निकाल उलटला. तबलजी डग्ग्यावर मनगट दाबून स्वर सरकवतो, तेव्हा जुन्यांवर तो मध्येच एका जागी फुगून सगळ्या खोलीत घुमत होता. नव्यांवर तो स्वच्छ निघून जात होता. खरेदीचा निर्णय जवळजवळ झालाच होता. पण या स्पीकरच्या माहितीपत्रकात 79 हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो असे स्पष्ट लिहिले आहे, आणि त्या आकड्यावर नजर अडली. आमची खोली 4.3 मीटर लांब आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर या लांबीत 40 हर्ट्झला पहिली आणि 80 हर्ट्झला दुसरी स्थिर लहर, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमणारी लहर, उभी राहते. अशा प्रत्येक लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो, आणि आमचा सोफा अगदी मागच्या भिंतीला टेकलेला. दुसरीचा दाब भिंतीपासून लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर जवळजवळ शून्य होतो. टेपने मोजून मी सोफा एक मीटर सात सेंटीमीटर पुढे ओढला, आवाज पुन्हा जुळवला आणि जुने स्पीकर लावले. तोच डग्गा सरळ गेला, शिवाय त्याला पोट, म्हणजे खालच्या स्वरांचा भरीवपणा, होते. नव्यांची स्वच्छता बऱ्याच अंशी एवढीच होती, की खोली ज्या स्वरांवर घुमते तिथे ते फारसे बोलतच नाहीत.

गळ्याच्या बाबतीत मात्र जुने हरले, आणि सोफा हलवूनही हरले. त्यांचा ट्विटर, म्हणजे उंच स्वर वाजवणारा छोटा पडदा, वूफरच्या वीतभर वर आहे, त्यामुळे पाणी घ्यायला उठले की गायकाचा आवाज बदलतो. केईएफने 1988 साली आणलेल्या युनि-क्यू रचनेत ट्विटर वूफरच्या मध्यभागीच बसवलेला असतो; बसून ऐका, उभे राहून ऐका, आवाज एकाच बिंदूतून येतो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, तर अशी उलगडते, की पंचमाची तार कधी छेडली हे डोळे मिटून सांगता यावे. मन तिकडेच झुकते आहे. फक्त सर्वांत खालचे स्वर वाजवणारा वेगळा सबवूफर घेऊन पोट परत आणावे, तर 40 हर्ट्झची लहर पुन्हा जागी होणार, त्यामुळे तूर्त तो विचार दूर ठेवला आहे.

“अहो, सोफा काय आता खोलीच्या मधोमधच राहणार आहे का?” असे आज दोनदा विचारून झाले. स्वयंपाकघराची वाट अडते, हे खरे आहे. दुपारी तो भिंतीपाशी परत सरकवला. फरशीवरची माझी खडूची खूणही पुसली गेली होती. संध्याकाळी टेपने मोजून पुन्हा केली, या वेळी सेलोटेपची, गालिच्याच्या कडेखाली.